भट्टीवरचा दिवा

"आणि भट्टीपाशी?" अक्कांनी विचारलं.

भार्गवनं कागद त्यांच्यापुढं सरकवला. "दिव्यांचा सगळा खर्च यात मांडलाय, अक्का."

"माझा चष्मा आत आहे. तू सांग."

"स्वयंपाकघराच्या मधोमध एक मोठा दिवा. कारखान्यात लावतात तसला. पंगतीच्या दालनात टांगते दिवे. ओसरीवर विजेवरचे दोन पितळी कंदील. येणाऱ्याला लांबूनच मठ दिसला पाहिजे."

"आणि भट्टीपाशी?"

"भट्टीवर छोटे दिवे धरले होते. पण पैशात बसेनात, म्हणून काढले. मधला दिवा एवढा मोठा आहे की सगळीकडं पोचेल."

अक्कांनी कागदाची घडी घालून बाजूला ठेवली.

मठ तालुक्याच्या गावात, सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला होता. रोज संध्याकाळी रुग्णांचे नातेवाईक तिथं जेवायला येत. कुणाचा बाप आत असे, कुणाची बायको. पोटभर आमटी-भात मिळे. कुणी कुणाला जात विचारत नसे, गाव विचारत नसे. गोदाक्का हा मठ चालवत. वय झालं होतं, पण पाठ ताठ होती.

स्वयंपाक येसूमावशी करत. धुरानं काळवंडलेलं स्वयंपाकघर आणि त्यात एकच पिवळा बल्ब. मागच्या महिन्यात भाताची पेज काढताना पातेल्याची कड त्यांना नीट दिसली नाही आणि उकळती पेज मनगटावर सांडली. तेव्हापासून त्या घरीच होत्या.

ते ऐकून एका तरुणानं पैसे पाठवले. वडील दवाखान्यात असताना तो बरेच दिवस मठात जेवला होता. सोबत निरोप एवढाच होता, स्वयंपाकघरात चांगला उजेड करा.

भार्गव पुण्याचा. मोठमोठ्या हॉटेलांची प्रकाशयोजना करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मन थाऱ्यावर राहीना, म्हणून वर्षभरापूर्वी अक्कांकडं येऊन राहिला. इथं तो झाडलोट करी, पाणी भरी, अक्का सांगतील ते वाची. पण दिव्यांचं काम निघालं तेव्हा त्याच्या चालण्यात फरक पडला. मठात यातलं कळणारा तो एकटाच होता.

"अंदाज बरोबर आहे ना, अक्का?"

"येसूला विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना यातलं..."

"जाऊन ये."

भार्गव गेला. येसूमावशी दारातच बसल्या होत्या. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"मावशी, नवीन दिवे लावतोय. या आता परत."

"न्हाई दादा. आता न्हाई जमायचं."

"हात तर बरा होत आलाय."

"हात झाला बरा." त्यांनी फडक्यावरून बोट फिरवलं. "पर पातेलं उचलायचं म्हटलं की काळीज धडधडतंय. घरातबी उचलत न्हाई मी. सून उचलती."

तो तसाच परत आला.

"काय म्हणाली?"

"भीती बसलीय म्हणतात."

"तुझ्या कागदात भीतीसाठी किती धरलेस?"

तो हसला. अक्का हसल्या नाहीत...

"तुझा तो मोठा दिवा कुणाकडून चार दिवस मागून आणता येईल का?" त्यांनी विचारलं. "आधी लावून बघू."

भार्गवनं ओळखीच्या दुकानातून दिवा आणला. स्वतः शिडीवर चढून स्वयंपाकघराच्या मधोमध टांगला. संध्याकाळी बटण दाबलं आणि खोली लख्ख झाली. भाजी चिरायला बसलेल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

"कसं आहे, अक्का?"

"छान आहे." अक्कांनी पदर खोचला. "आज भाताची पेज तू काढ."

भार्गव भट्टीपाशी गेला. पातेलं मोठं होतं, भात रटरटत होता. त्यानं झाकण सरकवलं, फडक्यानं दोन्ही कड्या धरल्या आणि पातेलं कलतं केलं.

कड दिसेना.

दिवा त्याच्या पाठीमागं होता. त्याचीच सावली पातेल्यावर पडली होती.

तो थोडा डावीकडं सरकला. सावली डावीकडं आली. उजवीकडं झाला, तर तीही उजवीकडं. वाफ तोंडावर येत होती. पेज अंदाजानं ओतावी लागली. थोडी पायाजवळ सांडली आणि तो दचकून मागं झाला.

"दिवा कमी पडतोय," तो म्हणाला. "याहून मोठा लागेल."

"आण," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी मोठा दिवा आणला. खोलीत डोळे दिपायला लागले. भाजी चिरणाऱ्या बायका आता दिव्याकडं पाठ करून बसल्या.

भार्गव भट्टीपाशी उभा राहिला.

सावली आणखी काळी झाली होती.

त्यानं कड्या धरल्या, पण पातेलं कलतं केलं नाही. कपाळावर घाम आला. बाहेर पंगत बसली होती. कुणाचं तरी लहान मूल भुकेनं रडत होतं. त्याला येसूमावशींचं फडकं बांधलेलं मनगट आठवलं. अशा अंधारात त्या रोज उभ्या राहत होत्या. आणि आपण त्यांना म्हणालो, हात बरा होत आलाय...

"अक्का, कुठं उभं राहू?"

अक्कांनी भिंतीपाशी जाऊन मोठा दिवा बंद केला.

बायकांच्या विळ्या थांबल्या.

अंधारात अक्कांची पावलं ऐकू आली. मग काडी पेटली. देवापुढची समई त्यांनी उचलून आणली होती. भट्टीच्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला जाऊन त्यांनी ती पातेल्याच्या वर धरली.

पातेल्याची कड सोन्याच्या तारेसारखी उजळली. पेजेची साय दिसली. भाताची शितं दिसली.

भार्गवनं पेज काढली. एक थेंब सांडला नाही.

"ज्योत किती लहान आहे ही," अक्का म्हणाल्या.

"हो."

"मग?"

भार्गवनं पातेलं खाली ठेवलं.

"बोल की."

"मध्ये मी नाही," भार्गव म्हणाला.

अक्कांनी समई परत देवापुढं ठेवली आणि पंगत वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गव नवा अंदाज घेऊन आला. यावेळी त्याचा आवाज बेताचा होता.

"पितळी कंदील काढले. टांगते दिवेही काढले. मधे साधी ट्यूब. भट्टीवर, ओट्यावर आणि भांडी घासतात तिथं भिंतीलगत छोटे दिवे. वाफ लागणार, म्हणून काचेचं झाकण असलेले. भिंतींना चुना."

"आणि?"

"वायरिंग सगळं जुनं आहे. कापडी वेष्टण गळून पडलंय. ते नवीन करावं लागेल, अर्थिंगसकट. निम्म्याहून जास्त पैसे त्यातच जातील." तो जरा थांबला. "ते कुणाला दिसणारही नाही, अक्का. पैसे पाठवणारा मुलगा बघायला आला तर त्याला काय दाखवायचं?"

"त्याला जेवायला वाढू."

भार्गव हसला. आणि यावेळी अक्काही हसल्या.

काम आठवड्याभरात झालं. वायरमन मदतीला होता, तरी भार्गवनं भिंतीतल्या खाचा स्वतः पाडल्या. भट्टीमागच्या भिंतीला मात्र अजून चुना लागला नव्हता. तिथला काजळीचा थर आधी खरवडायचा होता. पण दिवे लागले होते, म्हणून संध्याकाळी तो येसूमावशींकडं गेला.

"मावशी, स्वयंपाकाला येऊ नका. नुसतं बघायला या."

"बघून काय करू?"

"काही नाही. माझ्या हातचा भात खाऊन लोक कंटाळलेत, एवढं त्यांच्याकडून ऐका."

मावशी नाही-नाही म्हणत उठल्या.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या थबकल्या. भार्गवनं भट्टीवरचा दिवा लावला. पातेल्यात भात शिजत होता. उजेड पातेल्यावर, कड्यांवर, खाली ठेवलेल्या पेजेच्या भांड्यावर पडला होता.

मावशी हळूहळू पुढं आल्या. पातेल्यात डोकावल्या.

मग फडकं घेतलं. हाताला गुंडाळलेलं नव्हे, भट्टीवरचं. कड्या धरल्या. भार्गव पुढं झाला, पण अक्कांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

मावशींनी पातेलं कलतं केलं. पेज सरळ धारेनं भांड्यात पडली. पातेलं खाली ठेवल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "समदं दिसतंय बघा."

आणि मग त्यांची नजर भट्टीमागच्या भिंतीवर गेली.

काजळीचे पापुद्रे लोंबत होते. कोपऱ्यात तेलकट जळमटं होती. फळीखाली कधीची आमटी उडून वाळली होती.

मावशींनी पदर तोंडावर धरला. "अगं बया... ह्यात रांधत हुते मी? एवढी घाण? लोकांना ह्यात करून घातलं..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय म्हणत असतील, अक्का!"

भार्गव भिंतीकडं बघत उभा होता.

"मावशींचं राहू द्या," तो हळूच म्हणाला. "अक्का, माझंही असंच झालंय. इथं यायच्या आधी मला वाटायचं, मी बरा माणूस आहे. आता रोज काहीतरी दिसतं. अहंकार दिसतो. त्या दिवशी मावशींशी कसा बोललो, ते दिसतं. तुमच्याजवळ राहून मी सुधारायच्या ऐवजी बिघडतच चाललोय की काय..."

बाहेर पंगतीत पत्रावळ्या मांडल्याचा आवाज येत होता.

अक्का भिंतीजवळ गेल्या. त्यांनी काजळीवर बोट ओढलं. काळ्यात एक पांढरी रेघ उमटली. बोट त्यांनी पदराला पुसलं आणि कोपऱ्यातला खराटा उचलून भार्गवच्या हातात दिला. दुसरा मावशींना दिला.

"घाण जुनीच आहे," अक्का म्हणाल्या. "आज फक्त ती जायला निघालीय."