उघाडीशेजारचं शेत

फार जुनी गोष्ट. खाडीच्या काठाला एक गाव होतं आणि त्याची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात फळ्यांचं एक दार, त्याला म्हणायचे उघाडी. ओहोटीला दार उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करायचं.

दार राखायचं काम पोशाचं. आणि गावाची रीत अशी, की जो दार राखील त्याचं शेत दाराला लागूनच. त्यामुळे पोशाच्या भाताला खारं पाणी लागायचंच. "ही रीत घालणाऱ्या म्हाताऱ्यांनी माझ्यावर कसला डूख धरला होता कोण जाणे," असं तो येताजाता पुटपुटायचा.

एके वर्षी लोंब्या भरल्या असताना समुद्राला उधाण आलं. असलं उधाण कुणी पाहिलं नव्हतं. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं आणि पायाखालची माती हलायला लागली. बांध फुटला, तर रोजची भरती आत येऊन जमीन कित्येक वर्षं नापीक. दार उघडलं, तर आत आलेलं पाणी बांधाला आतून टेका देणार, पण दाराजवळच्या खालच्या शेतांतलं पीक जाणार, वरचं तेवढं वाचणार.

पोशाने फळीला हात घातला. शेजारच्या शेतातला धर्मा धावत आला आणि त्याने पोशाचं मनगट धरलं. "अरे, माझं वर्षाचं भात आहे ते."

"धर्मादादा, आधी माझं बुडतंय, मग तुझं," पोशा म्हणाला.

धर्माने पोशाच्या पिवळ्या लोंब्यांकडे पाहिलं. मग मनगट सोडून त्याने दुसऱ्या बाजूने फळी धरली.

समुद्र आत आला. पोशाचं भात आडवं झालं, बुडालं, दिसेनासं झालं. हळूहळू बांध थरथरायचा थांबला. दोन्हीकडे पाणीच पाणी आणि मधल्या हातभर मातीवर उभं अख्खं गाव. एवढा मोठा समुद्र पायाशी येऊन शांत झालेला पाहून सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मग ओहोटी लागली आणि पाणी आल्या वाटेने निघून गेलं.

खालचं पीक गेलं, जमीन राहिली. कापणीनंतर वरच्या शेताचा मालक पोशाच्या अंगणात भाताचे भारे टाकून म्हणाला, "पोशा, पुढच्या वर्षी माझं वरचं शेत तू घे. दार मात्र तूच राख."

पोशा हसला. "नको दादा. माझं शेत वर असतं, तर धर्मादादाने माझं मनगट सोडलं असतं का?"

त्यानंतर म्हाताऱ्यांच्या नावाने पुटपुटताना त्याला कुणी ऐकलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या हाती सगळ्यांचं दार, त्याचं शेत दारालाच लागून असावं.