उडीच्या मापाचं कुंपण

"पुढच्या वेतापर्यंत रोज सकाळचं दूध?" म्हातारी शेळी काबरी ओरडली. "आणि संध्याकाळचं?"

"संध्याकाळचं देखभालीचं," बगळा शांतपणे म्हणाला. "दुपारचं तुमचंच आहे. त्याला आम्ही हात लावत नाही."

त्या राज्यात नाणं चालत नसे. ज्याच्या अंगातून जे निघेल त्यातूनच त्याने किंमत द्यायची, अशी रीत होती. मेंढीने लोकर द्यावी, कोंबडीने अंडी, शेळीने दूध. दिलेल्या दुधाचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नसे. नदीपलीकडे बोके राहतात, ते फार गुबगुबीत आहेत, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

काबरी आटून कितीतरी उन्हाळे लोटले होते. म्हणजे दूध जायचं होतं ते तिच्या लेकीचं, पवळीचं.

पवळी खाली खोऱ्यात कळपात राहायची. यंदा तिला दोन करडं झाली होती. आईचे गुडघे आता कुरकुरतात, ती वर माळावर एकटी असते, हे पवळीला कळत होतं. पण "तू खाली ये" म्हटलं की काबरी शिंगं रोखायची. खोऱ्यात सगळी कुरणं कुंपणाआड होती. दार उघडलं की खायचं, लागलं की तोंड मिटायचं. काबरीला ते जमणारं नव्हतं. मग पवळीच म्हणाली होती, "बरं, मी वर येते पोरांना घेऊन, कायमची. पण या उघड्याबोडक्या माळावर नाही. कळपात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आधी जरा बाग करून घे." लेक येते म्हटल्यावर काबरीने एक शब्द वाढवला नाही. तिने बगळ्याला निरोप धाडला.

बगळ्याचं खोऱ्यात मोठं नाव होतं. त्याने केलेल्या बागेत पान वाकडं नसतं, असं बोललं जाई. पहिल्या भेटीत त्याने माळ नुसता डोळ्यांखालून घातला होता आणि म्हणाला होता, "एक भोपळाभर दूध. फार तर दोन." त्याच भरवशावर काबरीने पवळीला बोलावून घेतलं होतं. आज तो खोदकामाच्या घुशीला बरोबर घेऊन आला होता. घुशीपुढे एक कोरलेला भोपळा होता, विसाराचं दूध घ्यायला. आणि बोलता बोलता दोन भोपळ्यांचं सबंध वेत झालं होतं.

"एकेक सांगा," काबरी म्हणाली. "मी शाळा शिकले नाही, पण मला फसवायला तुमची चोच अजून लांब व्हावी लागेल."

बगळ्याने चोचीने मातीत रेघ ओढली. "हे दगड काढायचे."

"काढा."

"मग नदीतले गोटे आणून मांडायचे."

"म्हणजे दगड काढायचे आणि दगड आणायचे?"

"ते गोल असतात, काबरीबाई."

पवळी कानकोंडी झाली. "आई, तशीच पद्धत आहे गं. खाली सगळीकडे गोल दगडच आहेत."

"ही बाभूळ काढायची," बगळा पुढे म्हणाला, "ही बोरीची जाळी, हे सगळं रान उपटायचं. त्या जागी पाणथळीतली हिरवळ अंथरायची. ती इथे जगत नाही, म्हणून दर पंधरवड्याला नवी आणावी लागेल."

"जगत नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे?"

"हा आमचा अनुभव आहे," बगळा किंचित अभिमानाने म्हणाला.

काबरीने मान खाली घातली. ती भांडण सोडायला तयार नव्हती, पण लेक हातची जाईल या भीतीपायी ती आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस करायला लागली. "गोटे नकोत," ती म्हणाली. "हिरवळही नको. या बाभळीखाली जरा जागा करून द्या, दोन झुडपं लावा. पोरांना सावली झाली की पुरे. त्याचं काय घ्याल?"

"अर्धी बाग आम्ही करत नाही. उद्या कुणी विचारलं ही कुणी केली, तर आमचं नाव जातं."

"बरं, हिशेबात तुमच्या तिसऱ्या खेपेचंही दूध धरलंत, ते कसलं? परवा दिवसभर तुम्ही इथे एका पायावर नुसते उभे होता."

"तो विचाराचा दिवस."

घूस खाली बघून मिशा चाटायला लागली. काबरीने लेकीकडे एक नजर टाकली आणि पुढचं विचारलं. "आणि एवढं सगळं करून अजून निम्मं दूध उरतंय. ते कशाचं?"

"कुंपणाचं," बगळा म्हणाला.

"कुंपण कशाला? या माळावर लांडगा येत नाही. आलाच तर माझी शिंगं आहेत."

"लांडग्यासाठी नव्हे." बगळ्याने तिच्या खुरांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

काबरीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिला बगळ्याच्या दुसऱ्या खेपेचा, पाहणीचा दिवस आठवला. बगळा गोड आवाजात म्हणाला होता, "तुमच्या जातीला उडी छान येते, असं ऐकून आहे." झालं. म्हातारी फुलली. "छान? बघाच!" म्हणून ती मागे गेली, धावत आली आणि थेट वरच्या कातळावर जाऊन उभी राहिली. इतकी उंच ती तरुणपणीही उडाली नसेल. करडांनी टुणटुण उड्या मारून गोंधळ घातला, पवळी पोट धरून हसली. मग बगळा म्हणाला, मागच्या पायांवर उभं राहून मान कुठपर्यंत पोचते? तेही तिने दाखवलं. पुढे गुडघे सुजले तरी कुणाला कळू दिलं नाही. आणि हा तेव्हा मान डोलावत, चोचीने कातळावर खुणा करत होता. तिला वाटलं होतं, कौतुकच करतोय.

"म्हणजे ते माप घेत होता तुम्ही?"

"घ्यावं लागतं. मालकाच्या उडीवर एक हात जास्त, असा आमचा हिशेब आहे. खरं सांगायचं तर आम्ही इतकी उंची धरली नव्हती." बगळा मनापासून हळहळला. "तुम्ही जरा कमी उडाला असता, तर भाव निम्म्यावर आला असता."

"आई!" पवळी म्हणाली. "काय गरज होती तुला?"

काबरीने कातळावरच्या खुणांकडे एकदा पाहिलं. मग तिने विचारलं, "मग आत कोण जाणार?"

"आत जायचं नसतं. बघायची असते बाग. संध्याकाळी बाहेर बसायला एक दगड ठेवून देतो. त्याचं वेगळं काही लावलेलं नाही."

"पवळे, ऐकलंस?"

"ऐकलं." पवळीचा आवाज दमलेला होता. "आई, खाली सगळ्यांच्या बागा अशाच आहेत. बघून बरं वाटतं. तू खाली येत नाहीस, मला वर असं राहवत नाही. मग काय करायचं? वर्षभर मी तिथे आणि तू इथे, एकमेकींच्या नावाने बें बें करत बसायचं? दूध माझं आहे. देते मी."

"सूर्य कलायच्या आत ठरलं तर बरं," बगळा म्हणाला. "उद्याचा भाव उद्याचा असतो."

पवळी पुढे झाली आणि पाय फाकवून उभी राहिली. घुशीने भोपळा तिच्या कासेखाली ढकलला.

इतका वेळ करडांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती बाभळीच्या आडव्या खोडावर चढून बसली होती, ज्या खोडावर मघाशी बगळ्याने तोडायची खूण केली होती. दोघांच्याही तोंडात शेंगा होत्या. आईला त्या पवित्र्यात उभी पाहताच शेंगा टाकून ती धावत सुटली. रोजच्या जागी तोंड घातलं, तर मध्ये भोपळा. धाकट्याने भोपळ्यालाच डोकं मारलं. घुशीने त्याला शेपटीने बाजूला सारलं. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूने आलं, पुन्हा सारलं गेलं. मग दोघंही आईच्या तोंडाकडे बघून ओरडायला लागली. पवळीने डोळे मिटून घेतले, पण पाय हलवले नाहीत. पहिली धार भोपळ्याच्या तळावर वाजली.

काबरी कुरकुरत्या गुडघ्यांनी उठली आणि लेकीच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ती जे बोलली, त्यानंतर त्या माळावर बागेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

"पवळे, तो भोपळा बाजूला सार आणि आधी पोरांना पाज, ती पिऊन जे उरेल, तेवढ्यात बगळेरावांना हवी तेवढी बाग करू दे."