सगुणाने सांधलेला दस्ता

घाटमाथ्यावरच्या कातळवाडीत सगुणा नावाची सुतारीण राहत होती. बंदुकीचे लाकडी दस्ते घडवण्याचं वडिलांचं काम त्यांच्या मागे तिने नेटाने चालवलं होतं.

एके सकाळी सरदार हिंदुराव आपली बंदूक घेऊन आले. दस्त्याला मुठीपाशी चीर गेली होती.

"आठ दिवसांनी वाघाची शिकार आहे. चिरेवर चांदीचा पत्रा मढव. खर्चाची फिकीर करू नकोस."

सगुणाने दस्ता निरखला. "सरकार, लाकूड आतून गेलंय. पत्रा चीर झाकेल, सांधणार नाही. नवा शिसवी दस्ता करू द्या. चांदीचं मागाहून बघू."

"मी सल्ला मागायला आलो नाही."

"मग हे काम माझ्या हातून व्हायचं नाही."

हिंदुराव तडक निघून गेले. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं. पण सगुणाने मागून हाक मारली नाही.

दुपारी घाटाचा राखणदार धाकू नाईक आला. त्याच्याही बंदुकीचा दस्ता तडकला होता.

"बाई, माझ्याकडे पायलीभर नाचणी आहे फक्त," तो ओशाळून म्हणाला.

"असू द्या नाईक. तुमचं लाकूड अजून धड आहे."

तिने चिरेत चिकट सरस भरला, आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या आणि वरून ओलं कातडं ताणून शिवलं. वाळता वाळता कातडं घट्ट आवळत गेलं. मग तिने स्वतः तीन बार काढून पाहिले. दस्ता जरासुद्धा हलला नाही.

शिकारीच्या दिवशी ढोल बडवत, रान उठवत हाकारा झाला. झाडीतून वाघ बाहेर पडला. हिंदुरावांनी दुसऱ्या कारागिराकडून पत्रा मढवून घेतला होता. त्यांनी बार काढला आणि धक्क्यासरशी दस्ता दुभंगला. नेम चुकला. वाघ त्यांच्यावर झेपावला, तोच वाट दाखवायला सोबत आलेल्या धाकूची बंदूक शेजारून कडाडली. वाघ जागीच कोसळला.

धाकूकडून त्याच्या दस्त्याची हकीकत ऐकून संध्याकाळी हिंदुराव सगुणाच्या दारात आले. "पायलीभर नाचणीत इतकं पक्कं काम?"

"पैसा कमी असला की सामान साधं येतं, सरकार. सांधा कच्चा राहत नाही."

हिंदुरावांनी जोडे काढले. मग ते ओसरीवर बसले. "सगुणाबाई, तुम्ही म्हणाल तसा दस्ता करा. लागेल तेवढा वेळ घ्या."

सगुणाने ताठ मानेने शिसवाचा ओंडका पुढे ओढला आणि रंधा हाती घेतला.

तात्पर्य: ऐपतीप्रमाणे खर्च कमी-जास्त होईल, कामातली सचोटी मात्र सगळ्यांसाठी सारखीच असली पाहिजे.