आधी आबांच्या कानामागे

बोरखेडच्या दौलतआबांपुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. पुढच्या महिन्यात लेकीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आबांनी उर्मिलेला तालुक्याच्या त्वचेच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

"डॉक्टरीणबाई, ते केमिकल पील करा. वरची कातडी निघाली की पोरगी आतून गोरी निघेल."

उर्मिलेला आपला सावळा रंग आवडायचा. पण आबांना नाही कसं म्हणायचं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी कानामागे थोडं लावून बघू. सोसलं तरच चेहऱ्याला."

"मग आबांच्या कानामागे लावा," उर्मिला पटकन म्हणाली. "माझी कातडी त्यांच्यावरच गेलीय. सोसलं तर आधी त्यांचाच चेहरा करा."

आबा खुर्चीतून उडालेच. "माझ्या तोंडाला काय धाड भरलीय? ह्याच तोंडानं अख्खं गाव चालवतोय मी!"

"तेच म्हणते, आबा. ह्याच रंगाच्या तोंडानं तुम्ही गाव चालवता, मग मला एक घर चालवता येणार नाही होय?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडाला पदर लावला. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि दवाखाना दणाणेल असे हसले.

"ऊठ, घरी चल. पाहुण्यांना कळवतो, पोरगी बापावर गेलीय, झेपत असेल तरच या!"