घाटावरची भिंत

नदीकाठच्या एका बाजारगावात एक चितारी राहत होता. दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात तर त्यानेच. त्याने काढलेला आंबा पाहून लोक आंबट आंबेही मुकाट्याने विकत घेत.

गावातल्या रंगाच्या कारखानदाराने त्याच्याकडून एक मोठी पाटी करून घेतली. निळीशार नदी, तिच्यात उड्या मारणारे मासे आणि वर कारखान्याचं नाव. पाटी भर चौकात लागली.

एके सकाळी एका भोईणीने मेलेल्या माशांची टोपली चिताऱ्याच्या दारात रिकामी केली.

"तुझ्या पाटीवरचे तेवढे जिवंत राहिले बघ," ती म्हणाली. "कारखान्याच्या पाण्याची तक्रार घेऊन गेलो, की जो तो ती पाटी दाखवतो. म्हणतात, नदी तर चांगली आहे."

चितारी तडक कारखान्यामागच्या नाल्यावर गेला. काळंजांभळं पाणी बिनदिक्कत नदीत पडत होतं. तसाच तो कारखानदारापुढे उभा राहिला.

"माझी पाटी उतरवा."

"पाटी माझी," कारखानदार हसला. "तू नुसता हात. आम्ही सांगू ते काढायचं."

त्याच दिवशी चिताऱ्याने पाट्यांचं काम सोडलं. गावाला विचारून तो घाटावरच्या लांबलचक भिंतीवर मेलेले मासे रंगवू लागला. पण हाताला गोड काढायची इतकी सवय, की मेलेला मासाही देखणा दिसायला लागला. संतापून त्याने सगळं पुसलं. आकारच नकोत, असं ठरवून त्याने नुसते रंग थापले. काळ्यावर जांभळा, त्यावर कुजकट हिरवा, आणि जमिनीपर्यंत आलेले ओघळ.

लोक हसले. "हे कसलं चित्र?"

भोईण मात्र बराच वेळ बघत राहिली. मग नाकाला पदर लावून म्हणाली, "मला नाल्याचा वास येतोय."

हसणारेही पुढे होऊन ओघळ निरखू लागले.

बातमी कळताच कारखानदार धावत आला. "पुसून टाक ते."

"यात नदी नाही, मासा नाही, तुमचं नाव नाही," चितारी म्हणाला. "मग तुम्हाला झोंबलं काय?"

लोकांनी एकदा कारखानदाराकडे पाहिलं आणि सगळे नाल्याकडे निघाले. दगडमातीने त्यांनी नाल्याचं तोंड बुजवलं. ते घाण पाणी मालकाच्याच अंगणात तुंबलं, तेव्हा कुठे त्याने ते साफ करायची सोय केली.

तात्पर्य एवढंच: देखणं खोटं रंगवणारा हातही त्या खोट्यात भागीदार असतो, आणि खरं सांगायला सुंदर दिसावं लागत नाही.