शिंगाळ्याच्या दारातला ढीग

त्या तळ्याला राजा नव्हता. राखणदार होता, आणि तो दर उन्हाळ्यात नव्याने निवडावा लागे. काठच्या लव्हाळ्यात सगळ्यांची पिल्लं वाढत. ती राखायची, एवढंच त्याचं काम. निवडीची रीतही सोपी होती. उमेदवारांनी आपापला खड्डा खणायचा आणि तळ्यातल्या बाकी सगळ्यांनी तळाचा एकेक खडा तोंडात धरून हव्या त्या खड्ड्यात टाकायचा. ज्याच्याकडे खडे जास्त, लव्हाळं त्याच्या ताब्यात.

त्या उन्हाळ्यात एका बाजूला खेकडा उभा होता, दुसऱ्या बाजूला पाणसाप. खेकडा जुना राखणदार; चिडका, आडमुठा, आणि राखणीच्या नावाखाली अधूनमधून एखादं पिल्लू मटकावणारा. सापाने मात्र लव्हाळ्यातलं काहीच खाल्लं नव्हतं, कारण खेकड्याच्या नांगीमुळे त्याला आत शिरताच आलं नव्हतं.

लव्हाळ्याच्या तोंडाशीच शिंगाळा नावाचा मोठा मासा राहत असे. लांब मिशा, संथ चाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण अगदीच बिनडोक आहोत असं वाटावं. त्याने जाहीर केलं की दोघेही उमेदवार नालायक आहेत, खड्ड्यांपाशी पाणी गढूळ झालंय, आणि आपण असल्या चिखलात तोंड घालणार नाही.

त्याच्या बायकोची पिल्लं नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. तिला झोप नव्हती.

"अहो, खेकडा दोन-चार खाईल," ती म्हणाली. "साप एकही ठेवायचा नाही. आपली पोरं तिथंच आहेत ना?"

"म्हणजे दोन-चार खाणाऱ्याला मी निवडून देऊ? माझ्या तत्त्वाचं काय?"

तत्त्वाला कुणी गिळत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याशी वाद घालून वेळ कुणी घालवावा? ती आपला खडा घेऊन खेकड्याकडे गेली आणि गाळाने माखून परत आली. शिंगाळ्याने तिच्याकडे दयेने पाहिलं.

आता तळ्यातल्या आळश्यांची चंगळ झाली. जे एरवी निवडीच्या दिवशी शेवाळाखाली लोळत पडायचे, त्यांना लोळण्यासाठी एक थोर कारण मिळालं. अर्थात नुसतं लोळून थोरपण दिसत नाही. म्हणून त्यांनी आपापले खडे आणून शिंगाळ्याच्या दारात ठेवले. खड्ड्यांपर्यंत जायला ज्यांचे कल्ले दुखत होते, ते इथवर मजेत पोहत आले. ढीग वाढत गेला. त्याच्याकडे बघून शिंगाळ्याचा ऊर भरून येई. हा ढीग बघून दोघांनाही लाज वाटेल, असं तो सगळ्यांना सांगे.

सापाचं गणगोत फार नव्हतं, पण झाडून सगळं आलं. ज्यांना हलता येत नव्हतं त्यांनाही ओढत आणलं गेलं. खेकडा थोडक्यात हरला, दोन शिव्या हासडून तळं सोडून गेला.

शिंगाळ्याला याचंही फारसं वाईट वाटलं नाही. त्याने नव्या राखणदाराला निरोप धाडला की एकदा येऊन हा ढीग बघ आणि त्यातून काय समजायचं ते समज. साप लगेच आला. नम्रपणे आला. त्याने ढिगाला एक फेरी घातली, खड्यांमधल्या एका फटीत डोकं घालून पाहिलं, आणि मग हळूहळू शेपटासकट सगळाच आत गेला.

थोड्या वेळाने त्याने डोकं बाहेर काढलं. "माझ्या खड्ड्यात पडले त्यापेक्षा इथं किती तरी जास्त आहेत," तो म्हणाला. "एवढं माझ्या सख्ख्या नातेवाइकांनीही केलं नाही हो माझ्यासाठी. गार आहे, ऐसपैस आहे, आणि लव्हाळं हाकेच्या अंतरावर. इथंच राहतो मी."

चार दिवसांत लव्हाळं सामसूम झालं. शिंगाळ्याची बायको ऊर फुटेस्तोवर हाका मारत आत-बाहेर करत राहिली. तिला एकही पिल्लू सापडलं नाही. शेजारणींनाही सापडलं नाही. तळं हळहळलं, मग संतापलं. शेवाळाखालचे सगळे बाहेर आले. हे आता सहन करायचं नाही, निषेध झालाच पाहिजे, असं एकमताने ठरलं. आणि निषेधाची त्यांना एकच रीत ठाऊक होती.

रांग लागली. प्रत्येकाच्या तोंडात एक खडा होता आणि प्रत्येकजण तो रागारागाने ढिगावर ठेवत होता. साप फटीतून बघत होता. त्याचं पोट तट्ट फुगलेलं होतं, आणि कूस बदलताना त्याला जरा अडचण होत होती.

रांगेच्या शेवटी शिंगाळा आला. त्याचे डोळे सुजले होते. खडा कुठे ठेवावा हे न सुचून तो क्षणभर तसाच थांबला.

"तिथं नको," साप आपुलकीने म्हणाला. "या बाजूला ठेवा. इथून जरा ऊन येतं."