बापलेकीचं मत

“...तेवढं एकदा सांगून टाका, बुवा. पक्ष मोठा, का माणूस?”

टेकडीवरच्या मठात चैतन्यगिरी बुवा गाईपुढे कडबा टाकत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

विचारणारे मुकुंदराव गव्हाणे गावातले जुने कार्यकर्ते. बी-बियाण्यांचं दुकान चालवायचे, पण त्यांची ओळख पक्षाची. पक्ष सत्तेत होता तेव्हा त्यांनी काही मागितलं नाही, आणि पक्ष पडला तेव्हा खांद्यावरचं उपरणं काढलं नाही. याचा त्यांना अभिमान होता. तो ते लपवतही नसत.

नगराध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती आणि पक्षात दोन तट पडले होते. एक नाना टेकाळ्यांचा. नानांनी गावात पक्ष वाढवला, पक्षाबरोबर स्वतःचे प्लॉटही वाढवले. दुसरा तट वकील कुंदा सोनटक्के यांचा. बाईंनी पाण्याच्या टँकरवाल्यांना कोर्टात खेचलं होतं, आणि तरुण पोरं त्यांच्या शब्दावर रस्त्यावर उतरत होती. भांडण मिटेना, तेव्हा पक्षानं ठरवलं, उमेदवार कोण ते सभासदांनीच मत देऊन ठरवावं.

मुकुंदराव नानांकडे. त्यांची मुलगी रेवती कुंदाताईंकडे. आई लहानपणीच गेलेली. बापाच्या मांडीवर बसून सभा ऐकत वाढलेली पोर. आता एका घरात राहून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

“पक्ष मोठा, हे तू ठरवूनच आला आहेस,” बुवा म्हणाले. “मग विचारतोस कशाला?”

“रेवतीला कळत नाही म्हणून. ती म्हणते, नानांसारखाच माणूस उभा करायचा तर पक्ष हवा कशाला? मी म्हणतो, पक्ष नसेल तर तुझ्या कुंदाताईला ओळखतं कोण?”

“बरोबर आहे.”

“कोणाचं?”

बुवा गाईची पाठ खाजवत राहिले.

“तिला तुम्ही सांगा, बुवा. तुमचं ऐकेल ती.”

“सकाळीच येऊन गेली.”

“इथं? ...मग?”

“नानाला मत देणार आहे.”

मुकुंदरावांना आधी खरंच वाटेना. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढं होऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. “माझं घर वाचवलंत!”

बुवांनी हाताला लागलेलं कडब्याचं कुसळ झटकलं.

“आता तू कुंदाला दे.”

“...काय?”

“मत. कुंदाला दे.”

मुकुंदराव उठून उभे राहिले. बुवा चेष्टा करताहेत का, हे त्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथं चेष्टा नव्हती.

“पण बुवा, तिचं मत इकडं आलं आणि माझं तिकडं गेलं, तर फरक काय पडला? बेरीज तीच!”

“बेरजेचं मला कळत नाही.”

“मी उभ्या जन्मात पक्षाच्या माणसाला सोडून...”

“कुंदा कोणत्या पक्षाची?”

मुकुंदरावांचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला. कुंदाताईंच्या गळ्यातही तेच उपरणं असायचं.

ते टेकडी उतरले, पण रस्ताभर त्यांना काही सुधरेना. नाना लबाड आहेत हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कुंदाताई उभ्या राहिल्या तर समोरची आघाडी गाव घेऊन जाईल, अशीही भीती होती. एक विचार धरावा तर दुसरा हातातून सुटत होता.

रविवारी बाजार समितीच्या सभागृहात मतदान झालं. रेवती रांगेत पुढं होती. मत टाकून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बापाच्या जवळून जाताना ती क्षणभर थांबली आणि पुढं निघून गेली.

मुकुंदराव आत गेले. पडद्यामागं शिक्का हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. बाहेरून कोणीतरी खाकरलं. त्यांनी डोळे मिटले... आणि हात सवयीनं जिकडं जायचा तिकडंच गेला.

नाना थोडक्यात जिंकले. चौकात गुलाल उडाला. कुंदाताईंच्या पोरांनी खुर्च्या फेकल्या आणि अपक्ष म्हणून लढायच्या घोषणा दिल्या.

संध्याकाळी मुकुंदराव घरी आले, तर रेवतीनं दोन ताटं वाढून ठेवली होती. कितीतरी दिवसांनी.

“बाबा, मी नानांना मत दिलं,” ती म्हणाली. “फार जड गेलं. पण तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी उन्हातान्हात फिरलात, ते माझ्या हातानं मोडायला नको वाटलं.”

मुकुंदरावांचा घास हातातच राहिला.

“बुवा म्हणाले होते, तुझ्या बापाला मी कुंदाला मत द्यायला सांगून बघतो.” ती त्यांच्याकडे पाहत होती. “...दिलंत?”

“दिलं,” मुकुंदराव म्हणाले.

ती रडली. मग हसली. मग तिनं त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराव धापा टाकत मठात पोचले. बुवा ओट्यावर बसून दात घासत होते.

“बुवा, मी खोटं बोललो.”

बुवांनी चूळ भरली.

“मी नानांनाच दिलं. आणि तिला सांगितलं की कुंदाताईंना दिलं. काल रात्री कुंदाताईंची पोरं आली होती तिला न्यायला. रेवती म्हणाली, ‘मी नाही येणार. माझ्या बापानं माझ्यासाठी आपला जन्माचा शब्द मोडला, मी आता पक्ष सोडणार नाही.’ शेजारपाजारच्यांना सांगत सुटली आहे. आज माझ्याबरोबर नानांची पत्रकं वाटायला निघाली आहे...”

“मग तुला हवं होतं तसं झालं.”

“हो. ...नाही. मला काही कळेनासं झालंय. मी पक्षाशी इमान राखलं ना? मग मला चोरट्यासारखं का वाटतंय? आणि तिनं कुंदाताईंना दगा दिला. मग ती अशी ताठ मानेनं कशी चालते? तुम्हीच तिला नानांकडे वळवलंत, बुवा. तुम्हीच हा घोळ घातलात!”

“मी?” बुवा म्हणाले. “नानाला दे, असं मी तिला एका शब्दानं सांगितलं नाही. ती विचारायला आलीच नव्हती, मुकुंदा. काय करणार ते सांगायला आली होती.”

मुकुंदराव ओट्याच्या पायरीवर खाली बसले. गोठ्यात गाय हंबरली, पण बुवा उठले नाहीत.

“खरं सांगितलं तर ती त्या पोरांबरोबर जाईल,” मुकुंदराव हळूच म्हणाले. “पक्ष फुटेल. समोरची आघाडी येईल. सगळं तिच्या एका मतानं नाही, माझ्या एका शब्दानं होईल.”

“होईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर पत्रकं वाटून होतील.”

टेकडीखालून स्कूटरचा हॉर्न वाजला. रेवती पायथ्याशी उभी होती. मागच्या सीटवर पत्रकांचा गठ्ठा बांधलेला, गळ्यात पक्षाचं उपरणं.

“बाबा, चला ना! ऊन चढायच्या आत पेठ उरकू!” तिनं खालून हाक मारली. आवाजात आनंद होता.

मुकुंदराव उठले. दोन पावलं गेले आणि परत फिरले.

“बुवा... घरात आम्ही दोघंच. हे ऐकून ती मलाही सोडून गेली, तर?”

बुवांनी त्यांच्या खांद्यावरचं घसरलेलं उपरणं नीट सारखं केलं, आणि त्यांना उताराकडे हलकेच ढकललं.

“गेली तर घरात कोण उरतं, पक्ष का माणूस, ते मला येऊन सांग.”